चांगलं पीठ

२ फेब्रुवारी १८९३, गुरुवार

मक्याचं पीठ अर्धं पोतं, नऊ लिरे. मीठ दोन किलो, ऐंशी चेंतेसिमी. तांब्याची कढई, जुनी पण बुडाला धड, अडीच लिरे. गाडीवाल्याने चार मागितले, तीनवर आणला. घर मात्र फुकट! माझ्या अन्सेल्मोला इस्पितळाच्या कोठारावर नेमलंय, म्हणून आवारातच दोन खोल्या मिळाल्या. स्वयंपाकघराची खिडकी कालव्यावर उघडते. आज मेणबत्त्यांचा सण. फादरांनी आशीर्वाद दिलेली मेणबत्ती आल्याआल्या लावली. प्रभूने आमचं फार चांगलं केलं.

इथे आसपासच्या शेतांतली वेड लागलेली माणसं आणतात. आधी हात लाल होऊन सोलतात, मग पोट बिघडतं, मग डोकं. शेवटी शेवटी पाणी दिसलं की त्यात जाऊन पडावंसं वाटतं म्हणे. डॉक्टर तेस्सारींचं संशोधन असं, की हे वेड बुरशी लागलेल्या मक्यातून येतं. ते रोग्यांना निवडक मक्याचं पीठ देतात; जोडीला दूध, अंडं, मांसाचा रस्सा. रस्सा नुसता ताकदीला, बरं करतं ते पीठ, असं त्यांनी अन्सेल्मोला सांगितलं. आणि माणसं खरोखर बरी होऊन घरी जातात. तेच पीठ आता आमच्या कढईत, घट्ट पोलेंता होऊन. मग कसली भीती?

९ फेब्रुवारी

धुणं वाळत घालताना मेनेगाची ओळख झाली. रोगी आहे, पण बरी होत आलेली, आणि जीभ कात्रीसारखी. म्हणाली, डॉक्टर मक्याचे दाणे जितक्या प्रेमाने बघतात, तितक्या प्रेमाने मला माझ्या नवऱ्याने कधी बघितलं नाही. मग विचारते, तुम्ही घरी काय खाता? पोलेंता, म्हटलं. आणि? आणि काय, पोलेंताच; चीज अन्सेल्मोला. तर खदाखदा हसली. मग आमच्याच ओळीत बस की गं बाई, जागा आहे, म्हणाली.

मला नाही हसू आलं.

१५ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

उपासकाळ सुरू झाला. कपाळाला राख लावून घेतली आणि नवस बोलले: ईस्टरपर्यंत दूध, अंडं, चीज, मासा, काही म्हणून नाही. फक्त पोलेंता. इथल्या सगळ्या रोग्यांना बरं वाटावं म्हणून. फादर म्हणाले, मुली, एवढं कोणी मागितलेलं नाही. अन्सेल्मोने चिडवलं, की संत झालीस की कोठारात तुझी मूर्ती बसवीन, उंदीर तरी घाबरतील. मी थिजलेली पोलेंता दोऱ्याने कापत होते. हसले आणि दोन काप जास्त घेतले.

१४ मार्च

हात लाल झालेत. मनगटापाशी रेघ ओढल्यासारखे थांबलेत. उन्हात धुणं घालते, त्यानेच. लोणी चोळलं असतं, पण लोण्याला हात लावायचा नाही असं मनाशी धरलंय. मेनेगाने आज लांबूनच पाहिलं. हातमोजे कुठून घेतलेस गं, छान बसलेत, म्हणाली. मग आपलं दुधाचं भांडं माझ्यापुढे धरलं. पी म्हणाली, बाई, थट्टा नाही करत. मी नवस सांगितला. तिने क्रूसाची खूण केली, पण माझ्याकडे बघून केली, जशी मेलेल्याकडे बघून करतात.

२० मार्च

बसवत नाही. उभं राहवत नाही. दुपारी खिडकीत जपमाळ धरून रोझरी म्हणायला घेते तर कालवाही म्हणतो. भरदिवसा. आधी वाटलं, पाणी दगडावर आपटतंय. पण तो माझ्यापुढे एक मणी असतो. मी थांबले तरी तो थांबत नाही. पोटही बिघडलंय.

२३ मार्च

डॉक्टरांनी हात पाहिले. तेच पांढरेफटक पडले. मग अन्सेल्मोला बाजूला घेऊन विचारलं, तुमची बायको काटकसरी आहे ना? चांगलं पीठ विकून कुजकं शिजवत असेल. नाहीतर हे होणंच शक्य नाही.

अन्सेल्मोने घरी येऊन पोतं उपसलं. माझ्यासमोर. मी देवाची शपथ घेतली. तो म्हणाला, ओर्सोला, खरं सांग, नोकरी जाईल गं. पीठ चांगलं निघालं, पिवळंधमक. त्याने ते मुठीत घेऊन उजेडाला धरलं. मग म्हणाला, मग खोटं कोण बोलतंय?

२५ मार्च

मला इस्पितळाच्या वरच्या खोलीत आणलंय. बाहेरून कडी. डॉक्टर म्हणाले, एकदाचा निकाल लागू दे: डोळ्यांदेखत शिजवलेलं चांगलं पीठ, दुसरं काही नाही. त्याने बरी झालीस तर तू चोरून कुजकं खात होतीस. आणि नाही झाले तर? ते कडी लावून गेले. अन्सेल्मो स्वतः ताट आणतो. दोऱ्याने कापलेली पोलेंता. तो मी खाईपर्यंत बघत बसतो—

खिडकी इथेही कालव्यावरच.

२८ मार्च

मेनेगा अंगणातून ओरडत होती, तिला अंडं द्या रे, आंधळ्यांनो, अंडं द्या. तिला आत ओढलं. वेडी पुन्हा बिघडली म्हणतात.

मानेभोवती पण लाल. सोलतंय.

२ एप्रिल, ईस्टर

घंटा वाजल्या. नवस फिटला. अन्सेल्मोकडे अंडं मागितलं. एकच. त्याच्या अंगाला भाजलेल्या कोकराचा वास होता. म्हणाला, डॉक्टर नको म्हणतात, आणखी थोडं सोस. पोलेंता पुढे सरकवली. प्रभू उठला आणि मी—

रोझरी आता मी म्हणत नाही. कालवाच म्हणतो. माझ्या आवाजात.

त्यानंतर, वार माहीत नाही

कातीना, ताई, हे पान फाडून मेनेगाकडे देईन, दिसली तर. मला न्यायला ये. येताना दूध आण, काहीही आण, पीठ नको. पाणी तुझं नाव घेऊन हाक मारतं, तू खाली उभी आहेस म्हणतं. तू आहेस का खाली? खिडकीचा गज वाकतोय— मी वाकवते आहे की—

ताई, लिहायला तूच शिकवलंस. हे अक्षर माझं वाटलं तर लगेच नीघ. नाही वाटलं तर उलट टपाली तेवढंच कळव, म्हणजे मी कालव्याला