मंदाबाईच्या खात्यातली माणसं

१२ नोव्हेंबर, गडचिरोली
आमच्या फोनवरच्या सल्ला-सेवेच्या सदस्यांचं मोजमाप पुन्हा चालवलं. कोण काय विचारतं, कोणाला उत्तर देतं, एकाच माणसाच्या बोलण्याचे अर्थ एकमेकांना किती धरून आहेत. धानोऱ्याकडची मंदाबाई पुन्हा सगळ्यांत खाली. सकाळी मत्स्यबीजाचं विचारते, दुपारी स्वतःच उत्तर देते, संध्याकाळी स्वतःलाच टोमणा: 'येवढं बी नाई समजत काय तुले?'
प्रकल्पाचे सर फोनवर : "बनावट खातं. सोमवारी बंद करू."
बरं म्हटलं. पटलं नाही.

१३ नोव्हें.
संगणक प्रणालीला तिचे संदेश नुसत्या अर्थावरून वेगळे करायला लावले. पाच गठ्ठे पडले. स्वच्छ! मासे, धानावरचा तुडतुडा, गुडघेदुखी... पाच माणसं? आवाज आम्ही ठेवत नाही, बोललेलं लगेच मजकुरात उतरतं. म्हणून कोणालाच कळलं नसेल. डबा तसाच राहिला. उद्या जाते.

१४ नोव्हें.
एस.टी.ने गेले. गावात रेंज नाही. फक्त बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर, मोहाच्या झाडापाशी. मंदाबाईचा फोन तिथंच पिशवीत टांगलेला. येईल तो बोलतो. फोन तिचा, म्हणून नाव तिचं.
माणसं खरी!! (दोन उद्गारचिन्हं मी सहसा देत नाही.)
संदेश वाचून दाखवले, लोक आपापले ओळखत गेले. टोमणेवाला श्रावणभाऊ, तिचा दीर. मंदाबाई : "समोर आला का मले बोलत नाई हा. झाडाले सांगून जाते."
श्रावणभाऊ : "झाड आयकते तरी!"
म्हटलं, प्रत्येकाचं वेगळं खातं करू, मग काही बंद होणार नाही. पाचवा गठ्ठा उघडला. मूल नको असेल तर घरी न सांगता काय करावं. मंदाबाईनं पडद्यावर हात ठेवला.
"हे वाचू नको. कोनाचं तेही पुसू नको."
एस.टी.पर्यंत सोडायला आली. "येगयेगळं केलं तं ते पोरगी बोलन काय मंग?"

१५ नोव्हें.
सरांना सगळं सांगितलं. सर : "एका खात्याआड अनेक माणसं, हाच तर आपला निष्कर्ष! पाचही गठ्ठे पाठव, खातं ठेवतो." मी खूश आहे, नाकारत नाही. वर्षभर याचीच वाट पाहिली. चारच धरून मोजून पाहिलं, निष्कर्ष टिकण्याइतका आकडा उरत नाही. पाच पाठवले तर एवढ्याशा गावात ती पोरगी शोधणं कोणालाही जमेल.
गावाला एवढंच कळवलं : वेगळी खाती हवीत का, गठ्ठे सरांना पाठवू का, सोमवारच्या आत ठरवा.

१६ नोव्हें., रवि.
संध्याकाळी त्या खात्यावरून एक ओळ : 'म्याडम, आमी सगळे पाळीवर बसून राह्यलो. ठरलं का सांगतो. तवरिक काई पाठवू नको.'
प्रणाली लगेच विचारते, हा संदेश कोणत्या गठ्ठ्यात टाकू? मी काहीच निवडलं नाही.
सरांचा फोन वाजतोय.