बाटलीला वास नव्हता

बाई, तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली आणि आज मला तुमची गरज पडलीय. माझ्या नातीच्या उजव्या हाताला कोपराच्या खाली गाठ आली होती. ती काढली, आणि ती कसली होती ते आता कुणालाच सांगता येत नाही. मोठ्या हॉस्पिटलातला सर्जन म्हणतो, वाईटातली असेल तर थांबायला वेळ नाही, सोमवारी भरती करा, आजूबाजूचं मांस आणि एक नस काढावी लागेल, तीन बोटं मग कदाचित वळणार नाहीत. मी विचारलं, आणि वाईटातली नसेल तर? तो म्हणाला, ‘माताजी, वो तो पता होना चाहिए ना.’ पता करायचं काम तुमचं होतं. तुम्ही नाही, म्हणून दिल्लीतल्या द्वारकेच्या या नवव्या मजल्यावर स्वयंपाकघराच्या ओट्याशी बसून लिहितेय. पेन्सिलीनं लिहितेय. बाटलीवरच्या चिठ्ठीला शाई चालत नाही, स्पिरिटात धुऊन जाते, पेन्सिल राहते, हे तुम्हीच शिकवलंत. हा कागद काही स्पिरिटात बुडायचा नाही, पण सवय.

तुम्ही काही प्रेमळ नव्हता, ते आधी सांगून टाकते. मेलेल्या माणसाबद्दल सगळे गोड बोलतात, मला जमत नाही. नवरा गेला तेव्हा मुलगा सहावीत होता. नवऱ्याच्या जागी सरकारी हॉस्पिटलात मला लावून घेतलं. चौथी पास बाईला कुठं लावणार, तर तुमच्या पॅथॉलॉजीच्या खात्यात, बरण्या धुवायला. ऑपरेशनमधून कापून काढलेलं सगळं त्या बरण्यांतून तुमच्याकडे यायचं. पहिल्या दिवशी मला उलटी झाली. तुम्ही दारात उभ्या राहून म्हणालात, ‘मावशी, झाली ना? आता हात धुवा आणि या.’ माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, आणि मला मावशी! अख्ख्या खात्यात मराठी बोलणाऱ्या आपण दोघीच, तरी सहा महिने तुम्ही माझ्याशी कामापलीकडचं एक वाक्य बोलला नाहीत.

पण काम बघत राहिले, कारण ते स्वयंपाकासारखंच होतं. मांसाचा तुकडा आधी औषधात मुरवायचा, मग मेणात बसवायचा, त्या मेणाच्या वडीचे इतके पातळ काप काढायचे की फुंकर मारली तर उडतील. ते काप कोमट पाण्यावर सोडायचे आणि दुधावरची साय उचलावी तसे काचेवर उचलायचे. मग रंग. एकदा तुम्ही मला दुर्बिणीतून बघू दिलंत. सरोजिनी नगरच्या बाजारात गुलाबी मलमलीवर जांभळे ठिपके असलेलं कापड मिळायचं, हुबेहूब तसं. मी तसं म्हटलं तर तुम्ही म्हणालात, ‘ठिपके नीट आहेत की छपाई बिघडलीय, एवढंच मी दिवसभर बघते.’

पहिल्याच वर्षी मी घोळ केला. स्टोअरमधून फॉर्मॅलिन, मांस टिकवायचं ते झोंबणारं औषध, आलं नव्हतं. मांस कोरडं पडेल म्हणून मी एका बरणीत नळाचं पाणी घातलं, भाजीला घालतात तसं. तीन दिवसांनी झाकण उघडलं तर खोलीत उभं राहवेना. बुलंदशहरकडच्या एका बाईच्या मानेची गाठ होती ती. मला वाटलं आता ओरडाल, नोकरी जाईल. तुम्ही ओरडलाच नाहीत. म्हणालात, ‘शिळं मांस बोलत नाही, मावशी. बाहेर तिचा नवरा बसलाय, त्याला जाऊन सांगा.’ मी म्हटलं, मी कशी सांगू? तर म्हणे, ‘पाणी कसं घातलंत? तसंच.’ मी गेले. म्हटलं, भैया, आपकी घरवाली की गाँठ हमसे खराब हो गई. तो माणूस चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं हात जोडले आणि विचारलं, ‘तो बहनजी, अब दूसरी कहाँ से लाएँ?’ टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होता.

त्या दिवसापासून माझ्या हातून एकही बरणी हुंगल्याशिवाय पुढे गेली नाही. डोळ्यांत पाणी आलं म्हणजे फॉर्मॅलिन पुरेसं आहे, हे तुमचं माप. लोकांच्या बायका कांदा चिरून रडतात, मी तेवीस वर्षं बरण्यांवर रडले.

आणि तो हात आठवतो का तुम्हाला? बाजार नुकताच खुला झाला होता, सगळे नवीन टीव्हीच्या गप्पा मारायचे, तुमचं मात्र त्याच स्टुलावर तेच. शाहदऱ्याच्या बस कंडक्टरची मुलगी, अशीच कोपराखाली गाठ, अशीच शाळेतली. दोघा डॉक्टरांनी कॅन्सर लिहून दिला होता, हात कापायचा दिवस ठरला होता. तुम्ही आठ दिवस ती काच सोडली नाहीत. त्याच वडीतून पुन्हापुन्हा खोल काप काढायला लावलेत. मग मला घेऊन वॉर्डात गेलात आणि तिच्या आईला एकच विचारलंत, ‘कितने दिन में बढ़ी?’ ती म्हणाली, तीन हफ्ते. मी मनात म्हटलं, संपलं. आणि तुमचा चेहरा उजळला! जिन्यात मला म्हणालात, ‘वाईट गाठ बहुतेक इतकी उतावळी नसते. या पेशी घाईत आहेत, मावशी, पण वेड्या नाहीत.’ असली गाठ क्वचित दिसते, दिसायला अगदी कॅन्सरसारखी, आणि आपली आपण निवते, असं तुम्ही सांगितलंत. मोठा सर्जन खाली येऊन तुमच्यावर ओरडला. तुम्ही मान वर न करता म्हणालात, ‘कापा. पण माझ्या सहीवर नाही.’ मुलगी दोन्ही हात घेऊन घरी गेली. संध्याकाळी तुम्ही मला खिशातली पेन्सिल काढून दिलीत आणि म्हणालात, ‘बरणी नीट होती म्हणून वाचता आलं.’ पेन्सिल अर्धी झालेली, नवी देणाऱ्यातल्या तुम्ही नव्हताच. बोटभर उरलीय. हीच ती.

आता आमचं ऐका. नातीची बारावीची परीक्षा चालू. दोन पेपरांच्या मध्ये होळीची सुट्टी, तेवढ्यात गाठ काढून टाकू असं ठरलं. तीन-चार आठवड्यांत बोराची लिंबाएवढी झाली होती. घराजवळच एक नर्सिंग होम आहे, काचेचं दार, आत कुंड्या. तिथला सर्जन म्हणाला, चरबीची गाठ आहे, अर्ध्या तासाचं काम. शुक्रवारी काढली. नर्सनं ती एका छोट्या बाटलीत घातली, वर कसलंसं पाणी ओतलं आणि मुलाच्या हातात दिली, लॅबमध्ये देऊन या म्हणून. मुलगा गाडी चालवणार, सून नातीला धरून बसलेली, म्हणून बाटली आली माझ्या मांडीवर. मला त्या दिवशी सर्दी होती, नाक बंद. लॅब होळीची म्हणून लवकर बंद झालेली. मग ती बाटली आमच्या फ्रिजमध्ये, गुजियाच्या, इथल्या करंज्यांच्या, डब्यामागे, काळ्या पिशवीत, सोमवारपर्यंत. त्यात फॉर्मॅलिन नव्हतंच. सलाईनचं पाणी होतं.

लॅब म्हणजे विमानतळच म्हणा, एवढी चकचकीत. तिथं तुमच्या जागी बसतो तो डॉक्टर तिशीतला मुलगा, चांगला आहे, खोटं बोलत नाही. म्हणाला, ‘दादी जी, टिश्यू गल चुका है. एक कोने में कुछ सेल्स दिख रहे हैं, बहुत तेज़ी से बढ़ने वाले. कैंसर भी हो सकता है, नहीं भी.’ दुसऱ्या लॅबनं तर कॅन्सरच लिहून दिला. मी त्या मुलाला मेणाच्या वडीचं विचारलं, ब्लॉक में से और गहरा काटा क्या? त्यानं मान वर केली. ‘आप डॉक्टर हैं?’

‘नहीं बेटा. मैं बरनियाँ धोती थी.’

माझा मुलगा शेजारीच उभा होता. मोबाईलमध्ये डोकं घालून. सोसायटीत त्यानं सगळ्यांना सांगून ठेवलंय की आमची आई हॉस्पिटलच्या ऑफिसात होती. नर्सिंग होमला निघतानाही मला बजावलं होतं, ‘आई, प्लीज, डॉक्टरसमोर तुझ्या बरण्यांच्या गोष्टी नकोत हं.’ त्याच बरण्यांवर शिकला, इंजिनिअर झाला, असो. लॅबमधल्या मुलाला मी शाहदऱ्याच्या मुलीचं सांगितलं, तीन हफ्त्यांचं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, लिहूनही घेतलं. म्हणाला, खोल काप काढून बघतो, येत्या सोमवारी सकाळी सांगतो, ‘पर उम्मीद मत रखिए, दादी जी, अंदर का हिस्सा ज़्यादा खराब है.’ सोमवारी सकाळी आठला आम्हाला भरती व्हायचंय. सर्जन म्हणतो थांबू नका, हा म्हणतो सांगता येत नाही, सून रडते, मुलगा फोनवर पुण्याच्या कुणाकुणाला विचारतो. मी देवाला विचारलं नाही, त्याला दुर्बिणीतलं काय कळतं. तुम्हाला विचारतेय. त्या कोपऱ्यातल्या पेशी, बाई, नुसत्या घाईत आहेत की वेड्या आहेत? तुम्ही पाच मिनिटं बघा. तुमच्या त्या कोमट पाण्यासारख्या चहाचा कप मी धरून उभी राहते, पाच मिनिटं बघा फक्त.

नाही बघणार तुम्ही. माहीत आहे मला. बघितलंत तरी म्हणाल, शिळं मांस बोलत नाही.

आज दुपारी नात ओट्याशी आली. हात गळ्यात अडकवलेला, डाव्या हातानं फ्रिज उघडून उगाच आत बघत राहिली. इथल्या पोरांसारखीच बोलते, अर्धं हिंदी. म्हणाली, ‘आजी, यार, एक विचारू? तू तर सांगायचीस ना, बरणी उघडली की डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. तुझ्या मांडीवर होती ना बॉटल? तुला स्मेल नाही कळला?’

मी म्हटलं, ‘सर्दी होती मला.’

‘ओह. अच्छा,’ म्हणाली. लगेच पटलं तिला. मग पातेलं गॅसवर ठेवलं, किसणी पोटाशी दाबून धरली आणि डाव्या हातानं माझ्या चहात आलं किसायला लागली. ‘अजून गेली नाही का गं सर्दी? आवाज बसलाय तुझा.’ निम्मं आलं खाली सांडलं. मी बसून बघत राहिले, उठलेही नाही.

तुम्ही असता तर मला उठवून तिच्यासमोर उभं केलं असतंत. पाणी कसं घातलंत, तसंच सांगा, म्हणाला असता. त्या भैयाला सांगून आले होते, तो परका होता. हिला सांगायला तोंड उघडत नाही. हे पत्र तरी कुठं टाकणार, डब्यात पिठाखाली जाईल.

बाई, गाडीत मी बूच फिरवून बघितलं होतं. हुंगलं. डोळे कोरडे राहिले. मनात म्हटलं, ऑफिसातल्या बाईला बाटलीतलं काय कळतं, विचारू दे मुलाला, मग सांगीन. त्यानं विचारलं नाही. तीन दिवस मी त्याच फ्रिजमधून दूध काढत होते.

सर्दी नव्हती मला.