रजिस्ट्रीतला गवाह

४ नोव्हें., मंगळ.
गोरखीच्या आवारातल्या बाकावर मित्रांशी पुन्हा तोच वाद. मी स्पष्ट सांगितलं, या जमान्यात चैन आहे ती बायकांची. सीट त्यांची, सवलत त्यांची, चूक मात्र पुरुषाची. मोघे म्हणाला, "तुमचं मकान तर वहिनींच्याच नावावर आहे ना?" सगळे हसले. अरे, बाईच्या नावाने रजिस्ट्री स्वस्तात होते म्हणून केली! घर माझं आहे.

घरी आल्यावर सौ.ला सांगितलं, रविवारी गिऱ्हाईक येतंय, गुप्ताजी. छावनीचं हे मकान विकून आपण पुण्याला, नितीनकडे. बाप-लेकाचं फोनवर ठरलंय. तुझी फक्त सही.
मेथी निवडत होती. म्हणाली, "वाचून बघते."
वाचून? एवढ्या वर्षांत बोट ठेवीन तिथे सही करत आली.

५ नोव्हें., बुध.
कपाटातून रजिस्ट्रीचा कागद गायब. सौ.ला विचारलं तर, "माझ्याकडे आहे." बस, एवढंच.
संध्याकाळी इंदूरहून मुक्ताचा फोन. सौ. स्वयंपाकघरात, फोन स्पीकरवर. "मम्मी, आप अभी साइन मत करना." सख्ख्या आईशी हिंदीत! माय-लेकींचं काहीतरी शिजतंय.

७ नोव्हें., शुक्र.
दुपारी पिशवी घेऊन निघाली. मी मागोमाग. लाज वाटली, पण गेलो. ‘खासगी बाजार’ मोहल्ल्यात करंदीकरबाईंचा जिना चढली. या हिंदीच्या मास्तरीण होत्या, आता रिटायर. तिथे काय काम?
समोर कचोरी घेऊन उभा राहिलो. दोन झाल्या, तिसरी सुरू, तेवढ्यात खाली आली.
"अहो, तुम्ही इथे?"
"कचोरी."
"तोंड पुसा आधी."

८ नोव्हें., शनि.
शेवटी विचारलंच. वकील गाठलास का? म्हणाली, "कागदातली हिंदी मला कळत नाही. बाई एकेक ओळ समजावून देतात." मग चष्मा लावला. "खरेदी करणारी मी आहे. तुमचं नाव दोनदाच आलंय. एकदा माझ्या नावापुढे नवरा म्हणून, एकदा शेवटी गवाह म्हणून."
गवाह! जन्मभर नोकरी मी केली, हप्ते मी भरले, आणि मी साक्षीदार! ताटावरून उठलो. तिने ताट झाकून ठेवलं. त्याचा जास्तच राग आला.

९ नोव्हें., रवि.
गुप्ताजी आले. खोल्या मीच दाखवल्या, गच्चीपण. "तो अंकलजी, फाइनल समझें?"
काय झालं कोण जाणे, तोंडातून निघालं, "इनसे पूछिए।"
गुप्ताजी हसले, त्यांना थट्टा वाटली. सौ. हसली नाही. "अभी पूरा पढ़ा नहीं है, भाईसाहब।" चहा दिला, वाटेला लावलं.
मी ओरडलो, नितीनला काय सांगू आता?
"नितीनला विचारलंत, गुप्ताजींना विचारलंत, मोघेभावजींचाही सल्ला घेतलात. पुण्याला जायचंय का, हे मला कोण विचारणार होतं?"
चपला घालून चक्कर मारून आलो.

१० नोव्हें., सोम.
गोरखीला गेलो नाही. मोघे खोदून खोदून विचारेल.
दुपारी तिच्यासमोर बसलो. म्हटलं, शोभा, तुला यायचंय का पुण्याला? पस्तीस वर्षांत असं कधी विचारलं नसावं, आवाजच विचित्र निघाला.
आठवडाभर मी तिच्याकडे ज्या संशयाने बघत होतो, त्याच संशयाने तिने माझ्याकडे बघितलं.
"हे सहीसाठी विचारताय, की खरंच?"
खरंच, म्हटलं.
"बरं," म्हणाली, आणि पुन्हा कागद वाचायला लागली.
खरंच म्हटलं खरं. आता लिहायला बसलोय तर माझी मलाच खात्री नाही.