आवरलेला राब

सिस्टर, मला अजून दिसतं, शाळेमागच्या तुमच्या स्वयंपाकघरात आपण दोघी वाटाणे सोलत बसलो आहोत. गंगापूर रोडवर तेव्हा एवढी वाहनं नव्हती, शेंग फुटल्याचासुद्धा आवाज यायचा. तुमच्या मांडीवर पेरू देशातून, अँडीजच्या डोंगरातून आलेलं पत्र आहे. तिथल्या एका खेड्यात काम करणारी तुमची मैत्रीण, तीही सिस्टरच, लिहिते की इथली माणसं एकमेकांच्या शेतात राबतात, आज तुझ्या, उद्या माझ्या. "आपली इरजिकच की ही!" तुम्ही म्हणता. "आपल्या मुलींना एकदा न्यायला हवं तिथं. पण आधी पेठच्या डोंगरात. जवळचा डोंगर पाहिला नाही, तर लांबचा काय कळणार?" मी तुमचीच विद्यार्थिनी, नुकतीच तुमच्याच शाळेत शिकवायला लागलेली. तुमच्या प्रत्येक बेताला आधी हो म्हणायचं आणि मग विचार करायचा, ही माझी रीत.

नव्वद सालानंतरची ती पहिली एक-दोन वर्षं. परीक्षा संपल्यावर, एप्रिलमध्ये, बारा मुली घेऊन आपण पेठकडच्या त्या पाड्यावर गेलो. धडधाकट माणसं द्राक्षाच्या बागांत मजुरीला गेलेली, मागे म्हातारी आणि लेकरं. तुम्ही सरपंचांना भेटायला गेलात आणि स्वच्छतेचं काम माझ्यावर सोपवलंत. एका आजीच्या घरामागे वावराच्या तुकड्यावर शेण, काटक्या, पालापाचोळा आणि वर माती पसरलेली दिसली. मला तो उकिरडा वाटला. आपल्यात नववीतली एक मुलगी होती, मखमलाबादकडच्या फुलशेतीवाल्यांची, तुमची लाडकी. ती म्हणाली, "मिस, हे कुणीतरी मुद्दाम रचलंय. थर आहेत बघा." मी म्हटलं, "कामाचा कंटाळा आलाय असं सरळ सांग ना. घे झाडू." बाकीच्या हसल्या. तासाभरात सगळं लांबच्या खड्ड्यात गेलं आणि मी काडी लावली. वावर अंगणासारखं लख्ख झालं. तुम्ही शाबासकी द्याल, असं वाटत होतं मला.

आजी मोहाची फुलं वेचून आली. टोपली खाली ठेवून बघतच राहिली. "बायांनो, माझा राब कुठं हाय?" पेरणीआधी त्या जागेवरच तो भाजायचा, मग त्या भाजलेल्या मातीत नागलीची, म्हणजे नाचणीची, रोपं करायची, हे मला त्या दिवशी कळलं. हिवाळाभर डोक्यावरून शेण वाहून तिनं तो रचला होता. ती चिडली असती तर सोपं गेलं असतं. तेवढ्यात तुम्ही आलात, तर तुमच्याकडे वळून म्हणाली, "लय शिकल्याल्या पोरी हायेत तुमच्या. राब आवरला. उद्या घर बी आवरतील, मंग मी राहू कुठं?"

तुम्ही विचारलंत, "कुणी सांगितलं हे करायला?"

"मुलींनी उत्साहाच्या भरात केलं, सिस्टर," मी म्हणाले.

तुम्ही त्या मुलीकडे वळलात. "इतरांचं सोड. तू शेतकऱ्याची मुलगी. तुला तरी राब ओळखता यायला हवा होता." तिनं माझ्याकडे पाहिलं. मी झाडू झटकत उभी होते. ती म्हणाली, "चुकलं, सिस्टर."

मग तुम्ही झग्याच्या बाह्या वर केल्यात आणि तीन दिवस आपण सगळ्या घरोघर शेण मागत, पाला गोळा करत हिंडलो. आजी काठीनं दाखवायची, इथं जाड, इथं पातळ, आणि तुम्हालाही सोडायची नाही: "तू तं बाय पानी घालून सारवाया लागलीस!" नागली उगवली. दिवाळीला एसटीच्या कंडक्टरबरोबर आजीनं कापडी पिशवीतून थोडी पाठवलीसुद्धा. तुम्ही तिची भाकरी केलीत आणि सगळ्यांत मोठा तुकडा मला दिलात. पुढच्या शिबिराला मात्र त्या मुलीला गटप्रमुख केलं नाहीत. मी रोज ठरवायचे, आज सांगू. मग तुम्ही आजारी पडलात, आणि आजारी माणसाला कशाला, असं म्हणण्याची मला सोय झाली.

तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी तुमच्या मैत्रिणीचं बोलावणं आलं. सहा मुली, मी, आणि सोबतीला तीच, तेव्हाची नववीतली तुमची लाडकी. तोवर शेतीची पदवी घेतलेली, आपल्याच शाळेत विज्ञान शिकवणारी. सिस्टर, तुमचे डोंगर मी पाहिले. धाप लागते, हाताला वारा चावतो. पहिल्याच सकाळी एका घरामागे गवतावर काळे पडलेले, सुरकुतलेले बटाटे पसरलेले. आपल्या दोन मुली टोपली घेऊन धावल्या. "मिस, सडलेत हे, उचलू या!" माझ्या तोंडून निघालं, "थांबा! आधी त्यांना विचारा." ते बटाटे थंडीत गारठवून, पायांनी तुडवून, पाणी काढून वाळवायचे होते. वर्षानुवर्षं टिकतात. घरधनीण हसली, तिनं मुलींना बूट काढायला लावले आणि तुडवायला शिकवलं. मग तुमच्या मैत्रिणीकरवी विचारलं, "आता आम्ही तुमचं कुठलं काम करू?" आमच्या मुली तर सेवा करायला आल्या होत्या.

माझ्या शेजारी ती उभी होती, पायांना बटाट्याचं पाणी लागलेलं. "मिस, या वेळी वेळेवर सुचलं हं तुम्हाला."

मी तिची माफी मागितली. इतक्या वर्षांनी, समुद्रापलीकडे जाऊन. ती म्हणाली, "मला काही नाही हो, मिस. एवढंच वाटतं, की मला राब ओळखता येत नाही असं समजून सिस्टर गेल्या."

तिला येत होता, सिस्टर. तिनं मला सांगितलं होतं. झाडू मी हातात दिला आणि काडीही मीच लावली.

आता ती शाळेची मुख्याध्यापिका आहे. दर एप्रिलला मुलींना पाड्यावर नेते आणि पहिला दिवस फक्त विचारण्याचा ठेवते.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. माझ्यामागे भाची कपाट आवरील, तिच्यासाठी लिहून ठेवते. पेरूतल्या त्या घरधनिणीनं निघताना दिलेला विणलेला पट्टा पाड्यावरच्या आजीच्या नातीला द्यायचा, ती तिथं अंगणवाडी चालवते. सिस्टरांनी माझ्याकडे ठेवलेला नकाशांचा संग्रह शाळेला. नागलीची कापडी पिशवी टाकू नकोस, रिकामी दिसली तरी. ती आणि हे पत्र मुख्याध्यापिकाबाईंना. आणि कपाटातलं काहीही फेकण्याआधी त्यांना विचार.