एका पेडाचा धागा

आये, मी मालवणच्या दवाखान्यात बसलेय. तुझी नात तीन दिवस तापाने फणफणतेय, डोळे लालभडक झालेत. तीन वर्षांची आहे. तू तिला पाहिलंच नाहीस. डॉक्टरांनी एका कागदावर तापाचा विषाणू काढून दाखवला, त्याच कागदामागे लिहितेय. एक गोळा, वर चरबीचं पातळ कवच, कवचावर दाट ठिपके. त्या ठिपक्यांनी तो आपल्या अंगात चिकटतो. आत एकच धागा. मी म्हटलं, एकच? म्हणाले, "एकच. आपल्यात दोन असतात, एकमेकांत वळलेले. एकात चूक झाली तर दुसऱ्यावरून सुधारते. याला दुसरा नाही. नक्कल करताना चुका तशाच राहतात, म्हणून हा बदलत जातो."

मला आपली पडवी आठवली. तू काथ्याचा सुंभ वळतेस, मी नऊ वर्षांची, शेजारी बसून एकच पेड वळतेय, आणि तू हातावर चापट मारतेस. "एका पेडाचा सुंभ खंय टिकता गो? दुसरो पेड काय तुझो घोव येवन घालतलो?" आये, एका पेडाचा टिकला. तुला घेऊन गेला.

तू गेलीस त्या वर्षी आपल्या काजूच्या बागेत मेलेलं वानर सापडलं होतं. मी म्हटलं, हात लावू नको. "मारुतीराय तो. असोच कुजाक टाकूचो?" तू त्याला तुझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळलंस, कुंकू लावलंस, मातीआड केलंस. आठवड्याने तुला ताप आला, माकडताप. वानर थंड पडलं की त्याच्या अंगावरच्या तिळाएवढ्या गोचिडी उतरून माणसाला चिकटतात, हे तेव्हा आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मला तर सगळं माहीत होतं. गेल्या आठवड्यात काजू वेचायला माहेरी गेले. सासूने बजावलं होतं, "चेडवाक रानात नेव नको." तरी पोरीला नेलं. त्याच झाडांखाली वानर पडलेलं. लांब राहायचं, आरोग्य केंद्रात कळवायचं, एवढंच करायचं होतं. पोर कडेवर घेऊन मी जवळ गेले आणि त्याच्यावर जास्वंदीचं फूल ठेवलं. तुझी आठवण आली.

डॉक्टरांनी विचारलं, "रानात गेला होता? मेलेलं माकड दिसलं?" मी नाही म्हटलं. मग त्यांनी रक्त डेंगीसाठी पाठवलं. डेंगी आणि माकडताप एकाच घराण्यातले, पण धागा वेगळा, जो शोधू तोच सापडतो, असं तेच मघाशी म्हणाले होते.

ही चिठ्ठी तुला कुठे पाठवू? चित्राचा कागद घेऊन आता त्यांच्याकडेच जाते आणि खरं सांगते. आये, ते विचारत होते तेव्हा सासू शेजारी उभी होती. एवढ्यासाठीच मी खोटं बोलले.