हॅझलकोटच्या विहिरीचं पाणी

हॅझलकोट, नॉर्थहॅम्प्टनशर
९ जुलै १९७४

ती. स्व. थर्झा आत्यास,
ब्रिजेटचा सा. न. वि. वि.

तुझं पार्सल पोचलं. जुलैत लोकरीचे मोजे पाठवणारी जगात तू एकटीच असशील. पण इथे चरात घोटाभर चिखल असतो, तेव्हा शेवटी तुझंच खरं झालं.

वरचा पत्ता वाचून दचकलीस ना? होय, तेच हॅझलकोट. बाबा म्हणतात, तेराव्या वर्षी तू इथल्या मोठ्या घरात कामाला होतीस. ते घर त्रेपन्न साली पाडलं. आता वर नुसतं गवत आणि ट्रसकॉटांच्या मेंढ्या. आमचे प्राध्यापक हॅलम, मी आणि अकरा विद्यार्थी त्याचा पाया उकरून काढतोय. बाकीच्यांच्या वाट्याला संगीताचा दिवाणखाना आला. त्यांना मोर रंगवलेल्या फरश्या सापडतात आणि ते आनंदानं किंचाळतात. मला मिळालं स्वयंपाकघराचं मागचं अंग आणि तिथलं गटार. कालपासून मी त्यात साचलेली चरबी थापीनं खरवडतेय. दिसते राखाडी साबणासारखी, आणि वास असा की दुपारचं सँडविच मी कुत्र्याला घातलं. केस तीनदा धुतले, तरी उशीला वास येतोच.

खोदकाम जमिनीचे मालक जेराल्ड ट्रसकॉटसाहेब यांच्या पैशानं चाललंय. घराच्या सोन्यासारख्या दिवसांवर त्यांना एक पुस्तिका काढायचीय आणि तीत जुन्या नोकरमाणसांच्या आठवणी हव्यात. त्यांच्या आजीनं म्हणे मोलकरणींना पोटच्या मुलींसारखं वागवलं. माझ्या तोंडून निघून गेलं की माझी आत्या इथलीच. तेव्हा दोन-चार गोड आठवणी लिहून पाठव, म्हणजे मी सुटले.

चिखलातली तुझी,
ब्रिजेट

—

ग्रिम्सबी
१३ जुलै १९७४

चि. ब्रिजेट हिला अ. आ.

गोड आठवण एकही नाही. कळव तुझ्या साहेबांना.

पोटच्या मुलींसारखं म्हणे! पोटच्या मुलीला कुणी कोळशाच्या खोलीत निजवत नाही. आमचं पाणी स्वयंपाकघरामागच्या विहिरीचं. उन्हाळ्यात त्यावर तवंग यायचा. स्वयंपाकीणबाई ते फडक्यातून गाळायची आणि सांगायची की नाक धरा नि गिळा, नाकं वरच्या मजल्यावरच्यांना असतात. त्या वरच्यांसाठी टेकडीवरच्या झऱ्याचं पाणी पिंपांतून यायचं, गाडीवरून.

तुला हेही कुणी सांगितलं नसेल की तुला आणखी एक आत्या होती. डॉर्कस, माझी थोरली बहीण. आम्ही दोघी तिथे एकाच पलंगावर निजायचो. तेरा सालच्या सप्टेंबरात तिला विषमज्वर झाला. एकोणीस दिवसांत गेली. पंधरा वर्षांची होती. तेराव्या दिवशी मी काय पाहिलं, विसाव्या दिवशी काय धुतलं, ते लिहीत नाही.

मग बाईसाहेब, तुझ्या साहेबांची आजीच ती, आमच्या दारात आल्या, नाकाला रुमाल लावून. अख्ख्या गल्लीदेखत आईला म्हणाल्या की तुझं घर म्हणजे उकिरडा आहे, आणि त्यातली घाण तू पोरीच्या अंगावरून माझ्या घरात धाडलीस. आई अर्ध्या गावाचे कपडे धुवायची. दुसऱ्या दिवसापासून एक बोचकं दारात आलं नाही. पाववाला तिच्या हातचं नाणं घेईना. व्हिनेगरच्या वाटीत टाकायला लावायचा. नाताळाच्या आत आम्ही गाव सोडलं. तुझा बाप तेव्हा तीन वर्षांचा, त्याला काय आठवणार!

आई मरेपर्यंत कॉस्टिक सोड्यानं फरशी घासत राहिली. तिच्या बोटांना नखं उरली नव्हती. एवढं वाचून पुस्तिकेत काय घालायचं ते घाला. मला मात्र त्या घराचं काही विचारू नकोस.

जेवत जा. मोजे सुकवून घालत जा.

तुझी,
थर्झा आत्या

—

हॅझलकोट
२४ जुलै १९७४

ती. स्व. आत्यास सा. न.

विचारू नकोस म्हणालीस, म्हणून विचारत नाही. सांगते.

तुझं पत्र चरात उभ्याउभ्या वाचलं. मग मी ते चरबीचं गटार सोडलं आणि विहीर शोधायला लागले. तिसऱ्या दिवशी सापडली, विटांची, आत अजून पाणी. तिच्यापासून अडीच हातांवर दुसरं एक गटार निघालं. ते स्वयंपाकघराचं नव्हे. वरच्या मजल्यावरच्या मालकांच्या संडासांचं. तळाच्या विटा निखळलेल्या आणि भोवतालची माती विहिरीपर्यंत काळी झालेली. बाहेरची घाण पोरींनी आत आणली नव्हती, आत्या. वरच्यांची घाण खालच्यांच्या घशात जात होती.

हॅलमसर म्हणाले की संशय म्हणजे पुरावा नव्हे. ते बरोबरच होतं. मग आम्ही संडासाच्या बाजूनं गटारात हिरवा रंग कालवलेलं पाणी सोडलं आणि विहिरीच्या काठावर बसून राहिलो. पन्नास मिनिटांनी विटांच्या सांध्यातून एक हिरवी रेघ उतरली, मग दुसरी. तासाभरात सगळं पाणी हिरवं. एका विद्यार्थिनीनं तोंड फिरवलं. मी फिरवलं नाही.

ट्रसकॉटसाहेब आले, पाहिलं, आणि हसले. म्हणाले की त्या काळी सगळीकडे असंच असायचं, जंतूबिंतू कुणाला ठाऊक होते. लोक पुस्तिका घेणार ती मोर पाहायला, संडास पाहायला नव्हे. गटाराचा भाग गाळा म्हणाले. एवढं बोलून त्यांनी मला शेरी वाइनचा पेला पुढे केला. तो हात पाहून मला चरबीच्या गटारापेक्षा जास्त किळस आली. हॅलमसर डगमगतायत. पैसे ट्रसकॉटांचे, जमीनही त्यांचीच. शेवटच्या पानावर एक ओळ घालू म्हणतात.

तुझी,
ब्रिजेट

—

ग्रिम्सबी
२८ जुलै १९७४

चि. ब्रिजेट हिला अ. आ.

पत्र चारदा वाचलं. सांधे दुखतात, म्हणून थोडक्यात लिहिते.

तो ट्रसकॉट मला आवडत नाही, पण कदाचित त्याचं खरं असेल. नसेल ठाऊक त्यांना. म्हातारपणी मला एवढं समाधान पुरेल की कुणालाच ठाऊक नव्हतं.

फक्त एक गोष्ट डोक्यातून जात नाही. तबेल्याच्या अंगणात एक नळ होता. पाणी कसं, काचेसारखं. आजारी पडायच्या आधी एकदा डॉर्कस तिथे घागर घेऊन गेली, तर गाडीवानानं तिच्या हातावर फटका मारून पिटाळलं. हे पाणी घोड्यांचं आहे म्हणाला. आम्ही त्यावर रात्रभर हसलो होतो. घोड्यांना नळ कशाला लागतो, ते तेवढं बघशील का?

तुझी,
थर्झा आत्या

—

हॅझलकोट
१२ ऑगस्ट १९७४

ती. स्व. आत्यास सा. न.

हे पत्र बसून वाच.

तबेल्याचं अंगण उकरलं. नळाचा पाइप थेट टेकडीवरच्या झऱ्यापासून येतो. पाण्याची लोखंडी टाकी जागेवरच आहे आणि तिच्यावर ओतीव आकड्यांत वर्ष आहे, १९११.

शनिवारी गावकऱ्यांना खोदकाम दाखवायचं होतं. सरांनी मला मोरांच्या फरश्यांपाशी उभं केलं होतं. मी लोकांना तिथून उठवून विहिरीपाशी नेलं आणि सगळं सांगितलं: गटार, हिरवं पाणी, झऱ्याचा पाइप. गर्दीत एमॉस टिबेट नावाचे म्हातारे होते, चौऱ्याऐंशी वर्षांचे, पूर्वी तबेल्यात कामाला. मी त्यांना विचारलं की घोड्यांना नळ कशासाठी. ते सहज बोलून गेले. अकरा सालच्या वसंतात विहिरीचं पाणी पिऊन दोन शिकारी घोडे पोट फुगून मेले. जनावरांच्या डॉक्टरानं मालकांना तोंडावर सांगितलं की ही विहीर मैल्यानं नासली आहे, हिचं पाणी जनावरालाही पाजू नका. महिन्याभरात घोड्यांसाठी झऱ्याचं पाणी आलं. स्वयंपाकघरात कुणी काही बोललं नाही. विहीर बुजवली तर नवी खणावी लागली असती. दोन वर्षं, आत्या. दोन वर्षं त्यांना ठाऊक होतं.

एमॉसना त्या घोड्यांची नावं अजून पाठ आहेत, सुलतान आणि ब्लूबेल. मग मी विचारलं की विषमज्वरानं गेलेल्या मुलीचं नाव काय होतं. त्यांनी बराच विचार केला. म्हणाले, धोबिणीची होती कुणीतरी.

पाववाल्याची नात तिथे होती. ती रडायला लागली, तेही मला नको झालं. ट्रसकॉटसाहेब मोटारीत बसून निघून गेले. आज सकाळी चिठ्ठी आली की काम बंद, जागा रिकामी करा. मला वाटलं सर मला हाकलणार. त्यांनी चिठ्ठी खिशात घातली आणि म्हणाले की जमीन त्यांची असली तरी अहवाल माझा आहे. विहीर पहिल्या प्रकरणात जाईल. आता आमच्याकडे पंधरा दिवस उरलेत.

मी रोज आंघोळ करते आणि तरी स्वच्छ वाटत नाही.

तुझीच,
ब्रिजेट

—

ग्रिम्सबी
१७ ऑगस्ट १९७४

चि. ब्रिजेट हिला अ. आ.

पत्र आलं त्या दिवशी मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी ते घेऊन दफनभूमीत गेले आणि आईच्या दगडापाशी सगळं मोठ्यानं वाचलं, घोड्यांच्या नावांसकट. शेजारच्या थडग्यावर एक बाई फुलं ठेवत होती. तिला मी वेडी वाटले असेन. वाटू दे.

आता तुला एक सांगते, जे आजवर कुणाला सांगितलं नाही.

बाईसाहेब दारात जे बोलल्या, ते पाववाल्यानं खरं मानलं, गावानं मानलं. मीही मानलं. डॉर्कसचं सगळं पाहून आल्यावर मला आईच्या हातांची किळस यायला लागली. सोळाव्या वर्षी मी घर सोडून बंदरावर मासे साफ करायला गेले, ती पगारासाठी नव्हे. मला तिच्या हातचं खाववेना. दर रविवारी घरी जायचे आणि खोटं सांगायचे की जेवून आले. तिला कळत होतं. शेवटच्या आजारात ती कशीबशी उठली आणि माझ्यासाठी तिनं दुधातला भात केला, वर जायफळ किसून. मी वाटी हातात घेतली, ती डोळे मिटेपर्यंत थांबले आणि मोरीत ओतून दिली. तिनं आवाज ऐकला. डोळे न उघडताच म्हणाली की वाटी मी धुवून घेतली होती गं, दोनदा.

ट्रसकॉटांनी पाणी नासवलं, ब्रिजेट. आईचं आयुष्य मी नासवलं. त्या माणसांची किळस मला येतेच, पण त्यातला वाटा मलाही घ्यावा लागेल.

तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग. अहवालात एक मोलकरीण असं लिहू नका. डॉर्कस पेक, वय पंधरा, असं लिहा. आणि तिच्याखाली तिची आई, मार्था पेक, धोबीण, हिचं घर स्वच्छ होतं, असं एक वाक्य. शास्त्रात बसत नसेल तर बसवा.

गुरुवारच्या अकराच्या गाडीनं मी येतेय. स्टेशनावर ये, मला पायऱ्या जमत नाहीत. ती विहीर तुम्ही बुजवायच्या आत मला पाहायची आहे.

इतकं वाचूनही लोभ उरला असेल, तर तो असू दे.

तुझी,
थर्झा आत्या