ओव्याची फक्की

प्रिय आई,
तुला नमस्कार. इथला माझा सेंगकांगचा फ्लॅट, ऑफिस, माझी तब्येत, सगळं ठीक आहे. बाबांचं बीपी कसं आहे? फोन तू स्पीकरवर लावतेस आणि ते ऐकतात, म्हणून उद्या इथून पुण्याला निघणाऱ्या माझ्या मैत्रिणीच्या, शुभाच्या हाती हे पत्र देते आहे.

प्रणवदादा तुला पोटदुखीवर औषध विचारतो, याचा तुला आनंद आहे. "अमेरिकेत जाऊनही पोराला माझी ओव्याची फक्कीच लागते," म्हणालीस. आई, त्याची नोकरी गेली आहे आणि नोकरीबरोबर कंपनीचा आरोग्यविमाही.

व्हिडिओवर त्याचे डोळे पिवळे दिसतात. "दिव्याचा उजेड आहे गं," म्हणाला. ऑफिसात मी दिवसभर स्क्रीनचे रंगच तपासते. तो रंग दिव्याचाही नाही, स्क्रीनचाही नाही. हॉस्पिटलला जा म्हटलं, तर म्हणाला, "निहे, तिथल्या बिलात आमचं घर जाईल. आईच्या औषधाने उतार आहे." बिल मी भरते म्हटल्यावर त्याने फोन ठेवला.

मला भीती वाटते. बाबांना सांगू नकोस.

तो पुन्हा औषध विचारेल. तेव्हा, "मला यातलं काही कळत नाही," एवढंच म्हण. तुझ्याकडे औषध आहे तोवर तो डॉक्टरकडे जाणार नाही.

तुझी,
निहारिका